सभासदत्व, नोंदवही आणि क्रमांक : फिजिओथेरपिस्टची ओळख कशी घडली?

१/
फिजिओथेरपिस्टच्या दवाखान्यात भिंतीवर एक चौकट हमखास दिसते. तीत पदवी असते, एखाद्या व्यावसायिक संघटनेचे सभासदत्व असते आणि खाली नोंदणी क्रमांक असतो. गुडघा धरून आत आलेला रुग्ण ती चौकट क्वचितच वाचतो. पण त्या तीन ओळींमागे सव्वाशेहून अधिक वर्षांचा संघर्ष आहे. त्यात वृत्तपत्रीय बदनामी आहे, दोन महायुद्धे आहेत, डॉक्टरांशी झालेली तडजोड आहे आणि अगदी अलीकडच्या काळातले थोडे गणितही आहे. या थ्रेडचा विषय तोच. 🧵 #इतिहास #थ्रेड

२/
आरंभी एक भेद स्पष्ट करून घेणे आवश्यक आहे. सभासदत्व म्हणजे व्यवसायातील लोकांनी एखाद्याला ‘हा आमच्यापैकी आहे’ असे म्हणणे. नोंदणी म्हणजे राज्यसंस्थेने ‘याला हा व्यवसाय करण्याची मुभा आहे’ असे म्हणणे. आणि ओळख क्रमांक म्हणजे ‘ही तीच व्यक्ती आहे, दुसरी नव्हे’ एवढेच सांगणारी खूण. या तिन्ही गोष्टी आज एकाच चौकटीत शेजारी बसल्या असल्या तरी इतिहासात त्या वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या गरजेतून आल्या. त्यांची गल्लत झाली की फसवणुकीला वाव मिळतो.

३/
अंग रगडून दुखणे घालवण्याची विद्या कोणा एका देशाची नाही. इंग्लंडपुरते बोलायचे तर तिथे ती लोकप्रिय करणाऱ्यांत पाटण्याचा एक माणूस अग्रभागी होता. साके दीन महोमेद हे त्याचे नाव. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्याने ब्रायटन येथे वाफेचे स्नान आणि चंपी यांचे केंद्र थाटले. पुढे चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांचा ‘शाम्पूइंग सर्जन’ म्हणून तो मिरवला. इंग्रजीतील ‘शाम्पू’ हा शब्द मूळचा आपल्या चंपीचाच. त्याच्याकडे ना प्रमाणपत्र होते, ना नोंदणी. राजाचा आश्रय हेच त्याचे ओळखपत्र.

४/
दुसरा प्रवाह स्वीडनचा. पेर हेन्रिक लिंग याने १८१३ मध्ये स्टॉकहोम येथे व्यायामशास्त्राची मध्यवर्ती संस्था स्थापन केली. हालचालींना वैद्यकीय हेतूने शिस्त लावण्याचे काम तिथे झाले आणि तिथून शिकून बाहेर पडलेले लोक युरोपभर पसरले. स्वीडनने १८८७ मध्ये या व्यवसायाला अधिकृत नोंदणी दिली. म्हणजे उपचाराचे तंत्र आणि शासनाची नोंदवही यांची सांगड तिथे तुलनेने लवकर पडली. इंग्लंडमध्ये मात्र तंत्र आले, मागणी वाढली आणि नोंदवही कुठेच नव्हती.

५/
मागणी वाढण्यामागे एक अमेरिकी डॉक्टर होता. सायलस वेअर मिचेल याची ‘विश्रांती चिकित्सा’ १८८० च्या दशकात इंग्लंडमध्ये रूढ झाली. अशक्त, थकलेल्या, ‘नाजूक मनाच्या’ मानल्या गेलेल्या स्त्रियांना आठवडेच्या आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवायचे, भरपूर खायला घालायचे आणि हालचाल नाही म्हणून स्नायू दुबळे होऊ नयेत यासाठी रोज मसाज करायचा, अशी ती पद्धत. हे काम परिचारिकांकडे आले. रुग्णालयातील पगारापेक्षा यात अधिक प्राप्ती होती. साहजिकच मसाज शिकवणाऱ्या शाळांचे पीक आले.

६/
या शाळांवर कोणाचेही नियंत्रण नव्हते. कोणी काही दिवसांत प्रमाणपत्र देई, कोणी त्याहून लवकर. प्रमाणपत्रावर सही कोणाची आणि त्या सहीला किंमत किती, हे तपासण्याची सोय नव्हती. काम मिळेल या आशेने शुल्क भरणाऱ्या मुलींना शिकून झाल्यावर काम मिळत नसे. अंगावर कर्ज आणि हातात निरुपयोगी कागद अशी त्यांची अवस्था होई. लंडनच्या वर्तमानपत्रांत त्याच सुमारास ‘मसाज’ या शब्दाआड भलत्याच सेवांच्या जाहिराती झळकू लागल्या होत्या.

७/
१८९४ च्या उन्हाळ्यात ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने या प्रकाराला तोंड फोडले. अर्नेस्ट हार्ट हा त्याचा संपादक. लंडनमधील अनेक मसाजगृहे म्हणजे वेश्यागृहांचेच दुसरे नाव होय, असा आरोप नियतकालिकाने केला. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात मसाजच्या ‘कुलंगड्यां’वर पुन्हा लिखाण प्रसिद्ध झाले. डॉक्टरांच्या प्रतिष्ठित नियतकालिकात हे छापून आल्यावर सर्वसामान्य वृत्तपत्रांनी ते उचलून धरले. परिणाम असा झाला की प्रामाणिकपणे काम करणारी परिचारिका आणि जाहिरातीमागची दलाल बाई यांत समाजाच्या नजरेत फरक उरला नाही.

८/
प्रश्न मुळात ओळखीचा होता. दोन्हीकडे तोच शब्द, तेच काम आणि भिंतीवर तसलाच एक कागद. रुग्णाने फरक कसा ओळखावा? आणि डॉक्टरने आपला रुग्ण कोणाच्या हाती सोपवावा? कायदा याबाबत गप्प होता. इंग्लंडमध्ये डॉक्टरांची नोंदणी १८५८ च्या वैद्यकीय कायद्याने सुरू झाली होती, पण परिचारिका, सुईणी आणि मसाज करणाऱ्या स्त्रिया यांपैकी कोणाचीही शासकीय नोंदवही १८९४ मध्ये अस्तित्वात नव्हती. जे काही करायचे ते या स्त्रियांनाच करावे लागणार होते.

९/
चार परिचारिका पुढे आल्या : लुसी मरियन रॉबिन्सन, रोझालिंड पॅजेट, एलिझाबेथ ॲन मॅनली आणि मार्गारेट डोरा पामर. यांपैकी रोझालिंड पॅजेट संघटनेच्या कामात मुरलेली होती. लिव्हरपूलचे समाजसुधारक विल्यम रॅथबोन हे तिचे मामा. घरोघरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांच्या ‘क्वीन व्हिक्टोरिया ज्युबिली इन्स्टिट्यूट’ची ती पहिली अधीक्षक होती आणि सुईणींच्या शासकीय नोंदणीसाठीही ती झगडत होती. एखाद्या बदनाम कामाला प्रतिष्ठित व्यवसायाचे रूप कसे द्यायचे, याचा तिला अनुभव होता.

१०/
१८९४ च्या अखेरीस या चौघींनी ‘सोसायटी ऑफ ट्रेन्ड मॅसूझेस’ अर्थात मसाज करणाऱ्या प्रशिक्षित स्त्रियांची संस्था स्थापन केली. कार्यक्रम सरळ होता. ठरावीक अभ्यासक्रम, बाहेरच्या परीक्षकांकडून परीक्षा, उत्तीर्ण होणाऱ्या स्त्रियांची यादी आणि त्या यादीत राहायचे तर पाळावे लागणारे नियम. १८९५ पासून परीक्षा सुरू झाल्या. आज ज्याला आपण व्यावसायिक सभासदत्व म्हणतो त्याचे चारही घटक या छोट्या संस्थेत पहिल्याच दिवशी उपस्थित होते. राजाज्ञा नाही, कायदा नाही. होता तो केवळ आपापसातला करार.

११/
नियम कोणते? डॉक्टरांच्या निर्देशाशिवाय मसाज करायचा नाही. पुरुषांना सर्वांगाचा मसाज द्यायचा नाही; डॉक्टरांनी विशेष विनंती केल्यास तातडीच्या व शुश्रूषेच्या प्रसंगी अपवाद. निव्वळ वैद्यकीय नियतकालिके सोडून अन्यत्र जाहिरात द्यायची नाही. रुग्णांना औषधे विकायची नाहीत. हे चार नियम बारकाईने पाहिले तर १८९४ च्या आरोपपत्राला दिलेले ते मुद्देसूद उत्तर आहे असे दिसते. जाहिरात, पुरुष गिऱ्हाईक आणि भोंदूपणा या तिन्ही वाटा त्यांनी आपल्या हातांनी बुजवल्या.

१२/
पहिल्या नियमाला मात्र किंमत होती. डॉक्टरांनी रुग्ण पाठवले तरच काम आणि त्यांनी सांगितले तेवढेच काम. त्या बदल्यात डॉक्टरांनी या यादीला मान्यता द्यायची. इतिहासकारांनी या सौद्याकडे दोन तऱ्हांनी पाहिले आहे. एका मते, स्त्रियांना स्वतंत्र व्यवसायच दुर्मीळ असलेल्या काळात हा व्यवहारचातुर्याचा नमुना होता. दुसऱ्या मते, व्यवसायाने जन्मतःच दुय्यमपणा स्वीकारला. दोन्ही मतांत तथ्य आहे. या एका कलमाने पुढची ८० हून अधिक वर्षे व्यापली.

१३/
१९०० मध्ये संस्थेने बोर्ड ऑफ ट्रेडच्या परवान्याने कायदेशीर निगमित रूप घेतले. नावात ‘इनकॉर्पोरेटेड’ हा शब्द आला. आता ती घटना आणि सभासदांची अधिकृत नोंद असलेली संस्था झाली. १९०२ मध्ये सुईणींचा कायदा संमत होऊन त्यांना शासकीय नोंदवही मिळाली. परिचारिकांना ती १९१९ मध्ये मिळाली. मसाज करणाऱ्या स्त्रियांना मात्र खाजगी यादीवरच भागवावे लागले. त्या यादीचे मोल वाढले ते युद्धामुळे.

१४/
ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध पेटले आणि अल्मेरिक पॅजेट व त्याची पत्नी पॉलिन यांनी स्वखर्चाने ५० प्रशिक्षित मसाज परिचारिकांचे पथक युद्ध खात्याला देऊ केले. ‘अल्मेरिक पॅजेट मिलिटरी मसाज कोअर’ या नावाने ते ओळखले गेले. छर्ऱ्यांनी फाटलेले स्नायू, आखडलेले सांधे, निकामी झालेल्या नसा आणि तोडलेले अवयव घेऊन सैनिक परत येत होते. शस्त्रक्रियेनंतर त्यांना उभे करणे हे काम वेगळे आहे, हे सैन्याच्या लक्षात आले. पथक वाढत गेले. विद्युत उपचार, जलोपचार आणि व्यायाम यांची भर पडली.

१५/
पुरुषांना हात न लावण्याचा नियम या लाटेत टिकणे शक्यच नव्हते. २० वर्षांपूर्वी जी गोष्ट बदनामीचे कारण ठरली, तीच आता देशसेवा ठरली. पण भरतीच्या वेळी प्रश्न तोच होता : हिला काम येते याचा पुरावा काय? संस्थेची परीक्षा हा पुरावा. एखाद्या खाजगी संघटनेचे प्रमाणपत्र सरकारी नोकरीची अट बनले की ती संघटना निम्मी शासकीयच होते. हे स्थित्यंतर कोणत्याही कायद्याविना, रुग्णालयांच्या गरजेतून झाले.

१६/
याच काळातला एक अध्याय विशेष लक्षात राहण्याजोगा आहे. युद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी आर्थर पिअर्सन याने १९१५ मध्ये ‘सेंट डन्स्टन्स’ ही संस्था काढली. तिथे शिकवल्या जाणाऱ्या व्यवसायांत मसाज हा एक होता. या अंध सैनिकांनी शरीररचना स्पर्शाने शिकून घेतली आणि डोळस उमेदवारांच्याच परीक्षेला ते बसले. सवलतीची वेगळी यादी त्यांना मिळाली असती तर ती दयेची ठरली असती. त्याच यादीत नाव आल्यामुळे अंध उमेदवार दयेचा विषय न राहता सहव्यावसायिक झाला. नोंदवही दरवाजा बंद करते तशी उघडतेही, याचे हे उदाहरण.

१७/
१९२० मध्ये या संस्थेचे दुसऱ्या एका समव्यावसायिक संस्थेशी विलीनीकरण झाले आणि नव्या संयुक्त संस्थेला राजसनद मिळाली. पुरुषांनाही पूर्ण सभासदत्व खुले झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिने ‘चार्टर्ड सोसायटी ऑफ फिजिओथेरपी’ हे आजचे नाव धारण केले. नावातून ‘मसाज’ हा शब्द गळाला, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही. ज्या शब्दाची अब्रू वाचवण्यासाठी संस्था जन्मली, तो शब्द तिने ५० वर्षांनी सोडून दिला.

१८/
अमेरिकेतील कथा समांतर चालते. तिथे पहिल्या महायुद्धात ‘रिकन्स्ट्रक्शन एड्स’ या नावाने स्त्रियांची भरती झाली. त्यांपैकी मेरी मॅकमिलन हिचे शिक्षण इंग्लंडमध्ये झाले होते आणि लिव्हरपूलचे अस्थिशल्यविशारद रॉबर्ट जोन्स यांच्या हाताखाली तिने काम केले होते. जानेवारी १९२१ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘कीन्स चॉपहाउस’ या उपाहारगृहात जमून या स्त्रियांनी संघटना स्थापन केली. मॅकमिलन पहिली अध्यक्ष झाली. पहिल्या वर्षातील सभासदसंख्या २७४. पुढच्याच वर्षी नावातील ‘विमेन्स’ हा शब्द गेला. आजच्या ‘अमेरिकन फिजिकल थेरपी असोसिएशन’चे मूळ तेच.

१९/
डॉक्टरांशी तडजोड तिथेही झाली. १९३० च्या दशकात डॉक्टरांच्या पुढाकाराने एक स्वतंत्र नोंदवही सुरू झाली आणि तीत या लोकांचा उल्लेख ‘टेक्निशियन’ असा होता. म्हणजे आपल्याला काय म्हणायचे हे व्यवसायाने न ठरवता दुसऱ्याने ठरवले. पुढे एकेका राज्याने परवान्याचे कायदे केले आणि ‘फिजिकल थेरपिस्ट’ हे नाव कायद्यात शिरले. अमेरिकेत वैद्यकीय परवाना हा राज्यांचा विषय आहे. त्यामुळे एका राज्यातला परवाना दुसऱ्या राज्यात आपोआप चालत नाही. संघटनेचे सभासदत्व ऐच्छिक, परवाना अनिवार्य, ही विभागणी तिथे पक्की झाली.

२०/
ब्रिटनमध्ये शासकीय नोंदणी अखेर १९६० च्या कायद्याने आली. वैद्यकाला ‘पूरक’ अशा सात व्यवसायांसाठी मंडळे स्थापन झाली, त्यांत फिजिओथेरपी हा एक. राष्ट्रीय आरोग्य सेवेत नोकरी हवी तर या नोंदवहीत नाव हवे. पण कायद्यात एक मोठे भोक राहिले. संरक्षण होते ते ‘स्टेट रजिस्टर्ड फिजिओथेरपिस्ट’ या पूर्ण पदनामाला. नुसते ‘फिजिओथेरपिस्ट’ असे पाटीवर लिहून खाजगी दवाखाना थाटायला कोणालाही मज्जाव नव्हता. १८९४ चा प्रश्न नव्या शब्दासह जिवंत होता.

२१/
१९७७ मध्ये ब्रिटनच्या आरोग्य खात्याने एका परिपत्रकाद्वारे मान्य केले की, रुग्णाला कोणता उपचार किती द्यायचा हे ठरवण्याचा अधिकार फिजिओथेरपिस्टकडे आहे. १८९४ च्या पहिल्या नियमाची पकड इथे सैल झाली. २००३ मध्ये नवी नोंदवही उघडली आणि ‘फिजिओथेरपिस्ट’ व ‘फिजिकल थेरपिस्ट’ ही दोन्ही पदनामे कायद्याने संरक्षित झाली. आज तिथल्या परिषदेच्या नोंदवहीतील फिजिओथेरपिस्टचा क्रमांक ‘पी एच’ या दोन अक्षरांनी सुरू होतो. दर दोन वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. तो क्रमांक कोणीही नागरिक तपासू शकतो. चार्टर्ड सोसायटीचे सभासदत्व मात्र आजही ऐच्छिक आहे.

२२/
अमेरिकेत क्रमांकाचा इतिहास पैशाच्या वाटेने आला. १९६५ मध्ये वृद्धांसाठी ‘मेडिकेअर’ ही सरकारी विमा योजना सुरू झाली. १९७२ च्या दुरुस्तीने स्वतंत्रपणे काम करणाऱ्या फिजिकल थेरपिस्टच्या बिलांनाही वाट मिळाली, पण वर्षाला १०० डॉलरांच्या मर्यादेत. बिल पाठवणारा कोण, हे विमा कंपनीला कळायला हवे. म्हणून प्रत्येक कंपनी आपापला क्रमांक देई. एकाच थेरपिस्टचे पाच कंपन्यांकडे पाच क्रमांक, अशी स्थिती. चुका होत, बिले अडकत आणि खोटी बिले शोधणे दुरापास्त होई.

२३/
१९९६ च्या ‘हिपा’ कायद्याने यावर एकच राष्ट्रीय क्रमांक नेमण्याचा आदेश दिला. अंतिम नियम जानेवारी २००४ मध्ये निघाला आणि २३ मे २००७ पासून मोठ्या यंत्रणांना तो बंधनकारक झाला. ‘नॅशनल प्रोव्हायडर आयडेंटिफायर’ हा तो दहा अंकी क्रमांक. व्यक्तीला एक प्रकारचा, संस्थेला दुसऱ्या प्रकारचा. राज्य बदला, नोकरी बदला, क्रमांक तोच राहतो. त्यातील अंकांवरून व्यवसाय किंवा गाव कळत नाही. तो मुद्दाम मुका ठेवलेला आहे, कारण माहिती बदलते आणि क्रमांक बदलून चालत नाही.

२४/
दहावा अंक मात्र पहारेकरी आहे. आयबीएमचे अभियंता हान्स पीटर लून यांची युक्ती त्यात वापरली आहे. नमुन्यादाखल पहिले नऊ अंक १२३४५६७८९ घ्या. उजवीकडून एकाआड एक अंक दुप्पट करा : ९, ७, ५, ३, १ यांचे १८, १४, १०, ६, २. या संख्यांतील अंकांची बेरीज २३. उरलेल्या ८, ६, ४, २ यांची बेरीज २०. त्यात आरोग्य क्षेत्राच्या ठरावीक उपसर्गापोटी २४ मिळवा. एकूण ६७. पुढचा दशक ७०, म्हणून शेवटचा अंक ३. टंकताना कोणताही एक अंक चुकला तरी हे गणित बिघडते आणि संगणक बिल परत पाठवतो.

२५/
पण या क्रमांकाचा अर्थ नेमका किती? तो परवान्याचा पुरावा नाही, कौशल्याचा नाही आणि चारित्र्याचाही नाही. अमेरिकी शासन स्वतःच हे स्पष्ट करते. क्रमांक एवढेच सांगतो की, या नावाची नोंद अमुक ठिकाणी आहे. परवाना राज्याच्या मंडळाकडे तपासावा लागतो. नीतिनियमांची बांधिलकी संघटनेच्या सभासदत्वातून कळते. १८९५ च्या एका यादीत जे सारे एकत्र होते, ते आज तीन कचेऱ्यांत विभागले गेले आहे.

२६/
भारतात हा व्यवसाय १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात संस्थात्मक झाला, आणि तो मुंबईत. परळच्या केईएम रुग्णालयात, जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने, फिजिओथेरपीचे विद्यालय उभे राहिले. त्याच रुग्णालयात कमला निंबकर यांनी १९५० मध्ये व्यवसायोपचाराचे विद्यालय सुरू केले होते. जन्माने अमेरिकन आणि विवाहाने महाराष्ट्राच्या झालेल्या या बाईंचे कार्य स्वतंत्र थ्रेडचा विषय आहे. १९५५ मध्ये ‘इंडियन असोसिएशन ऑफ फिजिओथेरपिस्ट्स’ ही संघटना स्थापन झाली. म्हणजे इथेही क्रम तोच : आधी शिक्षण, मग सभासदत्व.

२७/
शासकीय नोंदवहीला मात्र इथे फार उशीर झाला. दिल्लीने १९९७ मध्ये कायदा केला. महाराष्ट्राचा व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषद कायदा २००२ चा. तो २००४ मधील दुसरा अधिनियम म्हणून प्रसिद्ध झाला. मधल्या जवळपास अर्ध्या शतकात पदवीधर फिजिओथेरपिस्ट, आठवड्याचा कोर्स केलेला मनुष्य आणि पिढीजात हाडवैद्य यांच्यात कागदोपत्री भेद करणारी शासकीय नोंद राज्यात नव्हती. मुंबईच्या रुग्णाची स्थिती या बाबतीत १८९४ च्या लंडनकराहून फारशी निराळी नव्हती.

२८/
इथे एक बाजू नजरेआड करू नये. नोंदवही जशी भोंदूला बाहेर ठेवते तशी परीक्षा न दिलेल्या कुशल हातांनाही बाहेर ठेवते. तालमीत मल्लांची अंगे चोळणारा वस्ताद, बाळंतिणीला तेल लावणारी बाई, निखळलेला खांदा बसवणारा हाडवैद्य यांचे ज्ञान कोणत्याही यादीत बसले नाही. त्यातले काही मोलाचे होते, काही घातक. कोणते कोणते हे तपासून घेण्याचे साधन म्हणजे परीक्षा, आणि ती त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही. साके दीन महोमेद आज असता तर त्याला कोणत्याच नोंदवहीत जागा मिळाली नसती.

२९/
राष्ट्रीय पातळीवरचा कायदा २०२१ मध्ये आला. संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग, राज्य परिषदा, राज्यांच्या नोंदवह्या आणि एक मध्यवर्ती नोंदवही अशी त्याची रचना आहे. फिजिओथेरपी त्यात स्वतंत्र गट म्हणून समाविष्ट आहे. राज्याराज्यांतील विस्कळीत नोंदी एका सूत्रात ओवण्याचा हा प्रयत्न. कायद्याचे यश त्या वह्या किती वेळेवर भरल्या जातात आणि सामान्य रुग्णाला त्या किती सहज उघडता येतात यावर अवलंबून राहील.

३०/
आणि नावाचा वाद? तो संपलेला नाही. १९५१ मध्ये ८ सप्टेंबरला कोपनहेगन येथे या व्यवसायाचा जागतिक महासंघ स्थापन झाला. तो दिवस जागतिक फिजिओथेरपी दिन म्हणून पाळला जातो. २०२५ मध्ये त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ९ सप्टेंबरला, भारताच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने फिजिओथेरपिस्टनी नावाआधी ‘डॉ.’ लावू नये असे पत्र काढले. १० सप्टेंबरला ते पत्र मागे घेण्यात आले. रुग्णाची दिशाभूल होऊ नये, असा एका बाजूचा मुद्दा. आमची ओळख आम्हाला ठरवू द्या, असा दुसऱ्या बाजूचा. १८९४ मध्येही नेमके हेच दोन मुद्दे होते.

३१/
रुग्णाच्या दृष्टीने या इतिहासाचा उपयोग साधा आहे. चौकटीतील पदवी कोणत्या विद्यापीठाची आहे ते पाहावे. सभासदत्व असेल तर ती संघटना कोणती हे विचारावे. आणि नोंदणी क्रमांक राज्य परिषदेचा आहे की नुसताच छापलेला आहे, याची खात्री करावी. विचारल्याने प्रामाणिक व्यावसायिकाचा अपमान होत नाही. कोणीतरी विचारावे आणि आपल्याला उत्तर देता यावे, याचसाठी त्या चार परिचारिकांनी यादी बनवायला घेतली होती. (समाप्त) #फिजिओथेरपी #वैद्यकाचाइतिहास